हिंगोली ते औंढा, नक्की किती?

हिंगोलीहून औंढा नागनाथाला जायचं तर रस्त्यानं पंचवीसेक किलोमीटर पडतात. हेच अंतर वेबपेजवरच्या नकाशात जावास्क्रिप्टला काढायला सांगितलं, तर कसं विचारलं त्याप्रमाणे २३.०२, २३.०९, २३.१२, २३.४२ किंवा २४.५५ किलोमीटर असं उत्तर येतं. पाचही वेळा दिलेली ठिकाणं तीच असतात: हिंगोली शहरासाठी १९.७२ अक्षांश आणि ७७.१५ रेखांश, औंढ्यासाठी १९.५४ आणि ७७.०४. पाचही वेळा प्रोग्रॅम सुरळीत चालतो, कुठं लाल अक्षरं उमटत नाहीत. गंमत म्हणजे यातलं सगळ्यात चुकीचं उत्तर रस्त्याच्या अंतराला सगळ्यात जवळचं आहे, त्यामुळे ते कुणाला खटकण्याची शक्यताही सगळ्यात कमी.

वेबवरच्या नकाशात अंतर, कोन आणि ठिकाण काढण्याचा प्रश्न सूत्रांपुरता कधीच सुटलेला आहे. सूत्रं जुनी आहेत आणि फुकट मिळतात. पृथ्वी कोणत्या आकाराची धरली, अंतर हवेतलं की जमिनीवरचं, आकडे कोणत्या क्रमानं दिले, हे मात्र सूत्राला कळत नाही आणि ते विचारतही नाही. घोळ होतो तो तिथं.

पहिल्यांदा ते २३.४२ पाहू. शाळेत शिकवतात की एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. मग अक्षांशांतला फरक ०.१८, रेखांशांतला ०.११, दोन्हींना १११ नं गुणायचं आणि पायथागोरस लावायचा. अक्षांशापुरतं हे जवळपास ठीक आहे. हिंगोलीपाशी अक्षांशाचा एक अंश ११०.७ किलोमीटरचा भरतो. रेखांशाच्या रेषा मात्र ध्रुवाकडे एकमेकींजवळ सरकत जातात. हिंगोलीपाशी त्यांच्यातलं एका अंशाचं अंतर १०४.८ किलोमीटरच उरतं. रेखांशाच्या फरकाला अक्षांशाच्या कोसाइननं गुणलं की ही चूक जाते, आणि अंशाला १११ ऐवजी १११.१९ किलोमीटर धरले की उत्तर २३.०९ येतं. एका जिल्ह्यापुरतं काम असेल तर एवढं पुरे. प्रसिद्ध हाव्हरसाइन सूत्रही इथं तेच २३.०९ देतं.

तरी नकाशाच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर लायब्ररीत हाव्हरसाइनच बसलेलं असतं, आणि त्याला कारण आहे. गोलावरचं अंतर काढायचं साधं सूत्र कोसाइनचं; पण दोन बिंदू जवळ असले की तो कोसाइन १ च्या इतका जवळ जातो की शेवटचे अंक गळून पडतात. नावाड्यांच्या कोष्टकांत पाच-सहा अंकच असत, तिथं हे जाचक होतं, म्हणून एकोणिसाव्या शतकात हाव्हरसाइनची कोष्टकं रूढ झाली. जावास्क्रिप्टमधली संख्या ६४ बिटांची, पंधरा-सोळा अंक नीट सांभाळणारी, त्यामुळे ती जुनी अडचण आज फारशी उरलेली नाही. सूत्र मात्र टिकलं.

खरी अडचण वेगळीच आहे. मॅथ.साइन रेडियन मागतं आणि आपण त्याला अंश देतो. १९.७२ अंशांची साइन ०.३४, तोच आकडा रेडियन समजून घेतला तर ०.७६. पायला (π) १८० नं भागून त्यानं गुणायची एक ओळ राहिली, तर औंढा कुठल्या कुठं जाऊन पडतं, आणि तक्रार करायला कुणी नसतं.

२३.०९ आणि २३.१२ यांच्यातला फरक त्रिज्येचा आहे. लीफलेट ही नकाशाची लायब्ररी पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरते, टर्फ ही मोजमापाची लायब्ररी ६३७१.००८८, तर गूगल मॅप्सचं भूमितीचं अंग विषुववृत्तावरची ६३७८.१३७ घेतं. एक हजार मीटरला एक मीटरहून थोडा जास्त असा हा फरक. औंढ्यापर्यंत पंचवीसेक मीटर होतो. एकाच पानावर रेघ एका लायब्ररीनं काढली आणि आकडा दुसरीनं मोजला, की दोन आकडे जुळेनात म्हणून डोकं खाजवत बसायची वेळ येते.

२३.०२ हे त्यातल्या त्यात खरं. पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांपाशी दबलेली आहे. ते दबलेपण हिशेबात घेणारं थॅडियस व्हिन्सेंटीचं सूत्र १९७५ चं. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ते नेमकं आहे, पण पृथ्वीच्या जवळपास विरुद्ध टोकांवरचे दोन बिंदू दिले तर फेऱ्या घालत राहतं आणि उत्तरावर येत नाही. चार्ल्स कार्नी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीनं तीही उणीव काढली. तिची जावास्क्रिप्ट आवृत्ती उपलब्ध आहे. हिंगोली-औंढा एवढ्या टप्प्यात गोल पृथ्वी आणि दबलेली पृथ्वी यांच्यात सत्तर मीटर निघतात. यात्रेकरूला त्याचं काही नाही. पाइपलाइनचं अंदाजपत्रक करणाऱ्याला आहे.

आता ते २४.५५. वेबवरचे बहुतेक नकाशे, म्हणजे २००५ मध्ये आलेला गूगल मॅप्स आणि त्याच्या मागून आलेले सगळे, वेब मर्केटर नावाच्या प्रक्षेपात काढलेले असतात. विषुववृत्तापासून दूर जावं तसा हा नकाशा ताणला जातो. हिंगोलीच्या अक्षांशावर हा ताण सव्वासहा टक्क्यांच्या आसपास आहे. ओपनलेअर्स या लायब्ररीत रेषेलाच तिची लांबी विचारली, तर ती ताणलेल्या कागदावरची लांबी सांगते. गोलावरची हवी असेल तर ते काम करणारं फलन वेगळं आहे. नावं दोन्हींची जवळपास सारखीच. एकाचं उत्तर २४.५५, दुसऱ्याचं २३.०९.

क्षेत्रफळात हाच ताण दोनदा लागतो, तेव्हा तो तेरा टक्के होतो. मराठवाड्यातल्या माणसाला टक्क्यांपेक्षा गुंठे लवकर कळतात. तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. वसमतकडे हळदीचा एक एकराचा तुकडा उपग्रहाच्या चित्रावर बोटानं आखला आणि क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये काढलं, तर तो पंचेचाळीस गुंठे भरतो. वाटणीच्या बैठकीत मोबाइलवर असा आकडा कुणी दाखवला तर पाच गुंठ्यांवरून काय होऊ शकतं, हे गावाकडच्यांना सांगायला नको.

मग असा खोटा नकाशा सगळ्यांनी का स्वीकारला? कारण तो कोन राखतो. चौकातला काटकोन पडद्यावरही काटकोनच दिसतो, आणि नकाशा कितीही मोठा केला तरी आकार वाकडा होत नाही. उलट अक्षांश-रेखांशांचे आकडे सरळ आलेखाच्या कागदावर टाकले तर काय होतं पाहा. त्या कागदावर ईशान्येकडे आणि वायव्येकडे दोन रेघा एकमेकींशी काटकोनात काढल्या आणि जमिनीवर उतरवल्या, तर हिंगोलीपाशी त्यांच्यात ९० ऐवजी ८७ अंशांना किंचित कमी कोन उरतो.

तीन अंश म्हणजे काहीच नाही असं वाटलं, तर औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याकडे पाहावं. तिथं लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये तत्त्वतः होकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. वेधशाळेला एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतात. चार किलोमीटरवर कोन तीन अंशांनी चुकला तर भुजेचं टोक दोनशे मीटर सरकतं. अर्थात वेधशाळा बांधणारे वेबपेजवरून रेघा मारत नाहीत. पण तिची माहिती देणारे नकाशे लोक करतात, आणि इंग्रजी एल अक्षरासारखी ती आकृती अक्षांश-रेखांशांत सरळ बेरीज-वजाबाकी करून काढली की ती तिरकी येते.

या भुजांमध्ये अंतराची आणखी एक गाठ आहे. प्रकाश सरळ जातो, जमीन वळते. एका टोकाला पातळी धरून चार किलोमीटर सरळ गेलं, तर दुसऱ्या टोकाला जमीन सव्वा मीटर खाली गेलेली असते. नकाशाच्या कोणत्याही सूत्रात हा सव्वा मीटर दिसत नाही, कारण ती सूत्रं पृष्ठभागाला चिकटून चालतात. लांबच्या पल्ल्यात हा भेद मोठा होतो. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या दोन लायगो वेधशाळांमध्ये पृष्ठभागावरून ३०३० किलोमीटर आहेत, पृथ्वीच्या पोटातून सरळ ३००२. गुरुत्वीय लहरीला पृथ्वी आड येत नाही, तेव्हा दुसरा आकडा घ्यायचा; तेवढं अंतर जायला प्रकाशाला १० मिलिसेकंद लागतात. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर आली तेव्हा ती लिव्हिंगस्टनला आधी आणि हॅनफर्डला सुमारे ७ मिलिसेकंदांनी नंतर पोचली. सातला दहानं भागून आर्ककोसाइन घेतलं की साधारण ४५ अंश येतात: दोन वेधशाळा जोडणाऱ्या रेषेशी लहर एवढ्या कोनात आली. जावास्क्रिप्टमध्ये ही एक ओळ आहे. पण तिच्यातून मिळते ती आकाशातली एक कडी. स्रोत त्या कडीवर कुठंही असू शकतो. इटलीतली व्हर्गो वेधशाळा जोडीला आल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा तीसेक चौरस अंशांत आणता आली.

हिंगोलीचं महत्त्व या भूमितीत आहे. दुधाळा परिसर ते लिव्हिंगस्टन हे अंतर पृष्ठभागावरून चौदा हजार किलोमीटरांच्या वर जातं, सरळ साडेअकरा हजारांच्या आसपास भरतं. प्रकाशाला त्याला ३८ मिलिसेकंद लागतात. वेळ मोजण्यात तेवढीच चूक होत असली, तरी पाया चौपट लांब असल्यानं कोन तितका बारीक ठरतो. हा हिशेब करताना अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या केंद्रापासूनचे तीन निर्देशांक काढायचे आणि मग साधा पायथागोरस. मॅथ.हायपॉट त्यासाठीच आहे. एवढ्या मोठ्या अंतराला शाळेतलं सूत्र चालतं आणि औंढ्याच्या तेवीस किलोमीटरला जपून वापरावं लागतं, ही यातली मजा.

पायाची लांबी आणि कोन यांवरून जागा ठरवायचं काम या भागाला नवं नाही. विल्यम लॅम्टननं १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेलं त्रिकोणमितीय सर्वेक्षण साधारण ७८ रेखांशाच्या आजूबाजूनं उत्तरेकडे सरकत आलं. हिंगोली त्या पट्ट्याच्या जरा पश्चिमेला. लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला आणि काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं. एव्हरेस्टनं १८३० मध्ये पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यावर भारताचे जुने स्थलदर्शक नकाशे बेतलेले आहेत. जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाचा वेगळा आकार मानतं. त्यामुळे जुन्या नकाशावरून उतरवलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे लीफलेटमध्ये टाकले, तर आपल्या भागात खूण शंभर-दीडशे मीटर सरकते. विहीर शेजाऱ्याच्या शेतात जायला एवढं पुरतं. प्रोज-४ या लायब्ररीची जावास्क्रिप्ट आवृत्ती हे रूपांतर करते, मात्र मूळ नकाशा कोणत्या आकारावरचा हे आपल्याला ठाऊक असावं लागतं.

कोनांकडे वळू. गणितातला कोन पूर्वेकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट फिरतो. होकायंत्राचा उत्तरेकडून सुरू होऊन घड्याळाप्रमाणे. पडद्यावर तर वाय अक्षच उलटा, वरून खाली मोजायचा. हिंगोलीहून औंढ्याची दिशा २१० अंश, म्हणजे नैर्ऋत्येच्या थोडी दक्षिणेकडे. मॅथ.एटॅन-२ चं उत्तर अंशांत आणलं तर मात्र उणे १५० येतं. बाकी काढणारं टक्केचिन्ह वापरावं तर जावास्क्रिप्टमध्ये उण्याची बाकी उणीच राहते; आधी ३६० मिळवायचे, मग बाकी काढायची. ३५९ आणि १ यांची सरासरी १८० काढून उत्तरेला जाणारा बाण दक्षिणेकडे फिरवलेली पानंही पाहायला मिळतात.

  

ठिकाणाच्या बाबतीत सगळ्यात जुनी भानगड आहे ती क्रमाची. लीफलेटला अक्षांश आधी लागतो, नकाशाची माहिती साठवायच्या जिओजेसन साच्याला रेखांश आधी. त्याच्या २०१६ च्या मानकात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. अदलाबदल झाली की हिंगोली ७७ उत्तर अक्षांशावर जाते, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांलगतच्या बर्फाळ समुद्रात. हे बरंच म्हणायचं, कारण एवढी चूक लगेच दिसते. अक्षांश आणि रेखांश जवळपास सारखे असलेल्या देशांतल्या लोकांना ही सोय नाही.

दशांशांच्या मागच्या आकड्यांचं असंच. सहावा अंक म्हणजे जेमतेम अकरा सेंटिमीटर, तरी पंधरा अंक साठवणारी पानं असतात. याच्या उलट उदाहरण २१ मार्च २०२४ च्या सकाळच्या भूकंपाचं. ४.५ तीव्रतेच्या त्या धक्क्याचं केंद्र १९.४८, ७७.३० आणि खोली १० किलोमीटर अशी नोंद राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्रानं दिली. हिंगोली शहरापासून हे ३१ किलोमीटर. खोली धरली तर साडेबत्तीस. दोन दशांश म्हणजे किलोमीटरभराचा चौकोन, आणि खोली नीट ठरत नसली की १० किलोमीटर गृहीत धरण्याची भूकंपशास्त्रात पद्धतच आहे. अशा आकड्यांवर नकाशात पिन टोचली तर ती कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन बसते, आणि लोक तो गोठा बघायला जातात.

सामान्य माणसाला या आकडेमोडीची झळ लागते ती सरकारी अर्जात. शाळांतल्या शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) पंचवीस टक्के जागांसाठी पालकानं नकाशावर घराची खूण करायची, आणि शाळा एक किलोमीटरच्या आत की तीनच्या, हे हवाई अंतरानं ठरतं. घरापासून ९५० मीटरवरची शाळा ताणलेल्या नकाशात मोजली तर १०१० मीटरवर जाईल आणि मूल पहिल्या गटातून बाहेर पडेल. तिथं गोलावरचंच सूत्र हवं. शिवाय हवाई अंतर हा निकष कयाधूच्या अलीकडं घर आणि पलीकडं शाळा असलेल्यांना कितपत न्याय देतो, हा प्रश्न उरतोच. पूल दोन किलोमीटरवर असला तरी सूत्राला नदी दिसत नाही. एसटीनं हा घोळ कधी घातला नाही. तिचं भाडं रस्त्यावरच्या सहा किलोमीटरच्या टप्प्यानं चालतं. नुसता भागाकार केला तर तेवीस किलोमीटर चार टप्प्यांत बसतात, पंचवीस पाचव्यात जातात. रस्त्याचं अंतर वेबवर हवं असेल तर ओएसआरएमसारख्या मार्ग शोधणाऱ्या सर्व्हरलाच विचारावं लागतं. ब्राउझरमधलं सूत्र तिथं हात टेकतं.

ई-पीक पाहणी त्याहून गुंतागुंतीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाइलवरून करू लागले. पुढच्या वर्षीच्या सुधारित ॲपमध्ये गट क्रमांकाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश घातले गेले, आणि फोटो काढताना शेतकरी त्या बिंदूपासून किती दूर आहे ते दिसू लागलं. कल्पना चांगली आहे, पण मध्यबिंदूपासूनचं अंतर आणि शेतात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर मीटर रुंद आणि चारशे मीटर लांब पट्टी घ्या. तिच्या टोकाच्या सोयाबीनमध्ये उभा असलेला माणूस मध्यापासून जवळजवळ दोनशे मीटर लांब असतो, पण असतो स्वतःच्याच शेतात. मधल्या बांधापलीकडे शेजाऱ्याच्या तुरीत उभा असलेला साठ मीटरवर असतो. गट कोयत्यासारखा वाकलेला असेल तर मध्यबिंदू गटाबाहेरही पडू शकतो.

इथं सूत्र बदलावं लागतं. बिंदू बहुभुजाच्या आत आहे का हे बिंदूतून एक आडवी रेघ सोडून तपासतात. तिनं हद्द विषम वेळा ओलांडली तर बिंदू आत, सम वेळा ओलांडली तर बाहेर. बाहेर असेल तर जवळच्या बांधापर्यंतचं अंतर मोजायचं. टर्फमध्ये दोन्ही फलनं तयार आहेत. सोबत ब्राउझर देतो तो अचूकतेचा आकडाही पाहायचा: फोन सांगतो त्या जागेभोवती एवढ्या मीटरच्या वर्तुळात तुम्ही ९५ टक्के खात्रीनं आहात, असा त्याचा अर्थ. मोकळ्या रानात तो पाच-दहा मीटर असतो. जागा नुसत्या टॉवरवरून काढलेली असली तर हजार-दीड हजारही येतो. हजार मीटरच्या वर्तुळावरून कुणाला शेताबाहेर ठरवणं म्हणजे अन्यायच.

हे सगळं विसेक ओळींचं काम आहे, आणि ओळी लिहिणारी पोरं आता हिंगोलीतही आहेत. अडतं ते हद्दीपाशी. गटाची हद्द डब्ल्यूजीएस-८४ च्या अक्षांश-रेखांशांत लागते, आणि गावनकाशे निघाले ते साखळीनं मोजून कागदावर, गावापुरतेच जुळवलेले. स्कॅन करून ते संगणकावर आले तरी बांध जागेवर बसेलच असं नाही. ड्रोननं मोजणी करणारी २०२० ची स्वामित्व योजना गावठाणापुरती आहे, शेतशिवार तिच्यात येत नाही. भूमी अभिलेख खातं रोव्हर या उपग्रहाधारित यंत्रानं मोजणी करू लागलं आहे, तिच्यातून सेंटिमीटरांत हद्द मिळते. पण ती होते अर्ज येईल त्या गटाची, एकेका शेताची. शेजारच्या गटाची हद्द तोवर जुन्या नकाशातलीच राहते, आणि दोन्ही एका पडद्यावर आणल्या की मधे कुठं फट दिसते, कुठं एकावर एक चढतात. ती फट कोणाच्या नावावर टाकायची याचं फलन टर्फमध्ये नाही.